बायोलॉजीत डिग्री करताय? पहिल्या प्रॅक्टिकलपासून स्पेशलायझेशनपर्यंत काय काय करायचं

पहिल्या वर्षाला ग्रॅम स्टेनिंगच्या, म्हणजे बॅक्टेरियाला रंग देऊन त्यांचे दोन गट ओळखायच्या, प्रॅक्टिकलला माझ्या तिन्ही स्लाइड गुलाबी आल्या. जांभळं दिसलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसलं तर ग्रॅम निगेटिव्ह हे पाठ होतंच, म्हणून जर्नलमध्ये तसं लिहून मोकळी झाले. मॅडमनी स्लाइड बघितली आणि एकच शब्द विचारला, "कशावरून?" मी म्हटलं, गुलाबी दिसतंय म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, जांभळा रंग धुवायचं अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं तर पॉझिटिव्ह बॅक्टेरियासुद्धा गुलाबीच दिसतो, कल्चर जुनं झालेलं असलं तरी तसंच होतं, मग तुझ्या स्लाइडवर काय आहे हे तुला कशावरून कळलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी शिकवलं की एकाच स्लाइडवर एका टोकाला ओळखीचा स्टॅफिलोकोकस (ग्रॅम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया) लावायचा, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह), आणि मधे आपला नमुना, म्हणजे तिघांना एकच रंग, एकच अल्कोहोल, एकाच वेळी. स्टॅफिलोकोकस जांभळा राहिला आणि कोलाय गुलाबी झाला तरच मधल्याबद्दल तोंड उघडायचं. परत केलं, आणि माझा नमुना जांभळा निघाला.

तेव्हापासून "कशावरून?" हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच देते. बायोलॉजी म्हणजे पाठांतर असं ज्यांना वाटतं त्यांचं पहिलं वर्ष फार जड जातं, कारण पाठ करायला हजारो गोष्टी आहेत आणि त्या संपत नाहीत. खाली मी पायऱ्या लिहिल्यात, क्रम साधारण असाच ठेवा, थोडं पुढेमागे झालं तरी चालेल.

पायरी १ : शब्द फोडायला शिका

पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त घाबरवतात ते शब्द. पण हे शब्द ग्रीक-लॅटिनच्या तुकड्यांचे बनलेले असतात आणि तेच तुकडे फिरून फिरून येतात. ग्लायको म्हणजे साखर, लायसिस म्हणजे फोडणं, झालं ग्लायकोलायसिस. हिमो म्हणजे रक्त, मग हिमोलायसिस म्हणजे काय ते तुम्हीच सांगाल. साइट म्हणजे पेशी, फॅगो म्हणजे खाणं, तर फॅगोसाइट म्हणजे खाणारी पेशी. वहीच्या मागच्या पानावर असे चाळीस-पन्नास तुकडे जमवा, बास, निम्मी भीती तिथेच जाते.

पायरी २ : केमिस्ट्री आणि गणित सोडू नका

"गणित नको म्हणून बायोलॉजी घेतली" असं सांगणारे खूप भेटतात आणि त्यांना मी प्रेमाने पण स्पष्ट सांगते की गणित इथेही आहे, फक्त ते जिवंत गोष्टींबद्दल आहे म्हणून जास्त छान वाटतं. एक घन घ्या, बाजू १. त्याचं पृष्ठफळ ६, घनफळ १. आता बाजू १० करा, पृष्ठफळ ६००, घनफळ १०००. म्हणजे आधी प्रत्येक एकक घनफळाला ६ एकक पृष्ठभाग मिळत होता, आता फक्त ०.६. पेशीला ऑक्सिजन आणि अन्न पृष्ठभागातूनच आत घ्यायचंय, त्यामुळे पेशी का लहान असतात, फुफ्फुसात आणि आतड्यात इतक्या घड्या का असतात, मोठ्या प्राण्याला रक्ताभिसरण का लागतं, हे सगळं या एका गणितातून सुटायला लागतं. त्यात डिफ्यूजनची, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याची, भर घाला, अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. ही दोन गणितं ज्याला नीट कळली त्याला फिजिऑलॉजीचे कितीतरी धडे अर्धे आधीच कळलेले असतात.

लॉगरिदम पण शिकून घ्या. रक्ताचा पीएच ७.४ असतो, तो ७.१ झाला तर "फक्त ०.३ ने बदलला" असं वाटतं, पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. आणि दुपटीचा वेग एकदा कागदावर करून बघा. ई. कोलाय चांगल्या मीडियात (वाढीसाठीच्या पोषक द्रावणात) साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे ७ तासांत २१ वेळा, एका पेशीच्या वीस लाखांहून जास्त पेशी. पीसीआरला (डीएनएच्या असंख्य कॉपी बनवायच्या तंत्राला) ३० सायकल का पुरतात तेही इथेच कळतं, प्रत्येक सायकलला खरोखर दुप्पट झालं तर एका रेणूचे १०७ कोटी होतात.

पायरी ३ : बघायला शिका, आणि हाताने काढा

मायक्रोस्कोपवर नेहमी कमी पॉवरपासून सुरुवात करायची, आधी ४ एक्स, मग १०, मग ४०, आणि १०० एक्सची लेन्स असेल तर तेलाचा थेंब. थेट ४० लावून शोधत बसलात तर अर्धा तास काहीच सापडणार नाही आणि लेन्स स्लाइडवर आपटायची भीती वेगळी. तेल लावल्यावर चुकून ४० ची लेन्स त्यातून फिरवू नका, ती लेन्स तेलासाठी नसते आणि पुसता पुसता जीव जातो.

आता कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल, हे जगभर कुठेही बायोलॉजी शिकलात तरी बहुतेक करावंच लागतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. कांद्याला पाण्यावर मुळं फुटू द्यायची, टोकाचा भाग कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात फिक्स करायचा, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये थोडा वेळ गरम करायचा म्हणजे पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, मग ॲसिटोकार्माइनचा रंग, वर कव्हरस्लिप, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. सरळ खाली म्हणजे खरंच सरळ खाली, जरा जरी घसरला तर पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड गेली. आणि टोक म्हणजे अगदी शेवटचे एक-दोन मिलिमीटर, तिथेच पेशी विभागत असतात, त्याच्या वरच्या भागात नुसत्या लांबट झालेल्या पेशी दिसतात आणि पोरं तासभर त्यातच मेटाफेज (क्रोमोसोम मधोमध रांगेत येतात ती विभागणीची अवस्था) शोधत बसतात.

नीट जमलं की चौकोनी पेशींच्या रांगा दिसतात, बहुतेकींमध्ये गोल न्यूक्लियस, आणि मधेच एखादीत गडद लाल धाग्यांचा गुंता किंवा मधोमध रांगेत उभे राहिलेले क्रोमोसोम. कांद्यात ते १६ असतात. पहिल्यांदा ॲनाफेज दिसला ना, दोन बाजूंना खेचले जाणारे क्रोमोसोम, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि आजही येतो.

पण तिथे थांबू नका. पेशी मोजा. समजा १००० पेशी मोजल्या आणि त्यात २० मेटाफेजमध्ये सापडल्या, म्हणजे २ टक्के. पेशीचं पूर्ण चक्र समजा २० तासांचं आहे, तर मेटाफेजला २० तासांचे २ टक्के, म्हणजे साधारण २४ मिनिटं लागत असणार. बघा काय झालं, स्लाइडवरची प्रत्येक पेशी मेलेली आहे, काहीच हलत नाहीये, आणि तरी आपण वेळ मोजली. कशावरून? प्रत्येक पेशी आपापल्या वेळी विभागते, सगळ्या एका तालात चालत नाहीत, म्हणून जी अवस्था जास्त वेळ टिकते तिच्यात जास्त पेशी पकडल्या जातात. सगळ्या एकाच वेळी विभागत असत्या तर हे गणित चुकलं असतं. एका प्रॅक्टिकलमधून एवढं काढता येतं, आणि बहुतेक जण चार आकृत्या काढून सही घेऊन जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकृती मात्र पुस्तकातली उतरवू नका, दिसतंय ते काढा. पेन्सिलने, साध्या रेषेने, शेडिंग न करता. फोटो काढा हवा तर, पण फोटो काढताना डोळा बघत नाही आणि काढताना बघावंच लागतं, ही भिंत कुठे संपते, हा न्यूक्लियस मधे आहे की कडेला.

पायरी ४ : हात आणि वही

मायक्रोपिपेटला दोन स्टॉप असतात. पहिल्या स्टॉपपर्यंत दाबायचं, टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, अंगठा हळूहळू सोडायचा, मग दुसऱ्या भांड्यात आधी पहिल्या स्टॉपपर्यंत आणि उरलेला थेंब काढायला दुसऱ्यापर्यंत. नवीन माणूस हमखास द्रव घेतानाच दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबतो आणि ठरल्यापेक्षा जास्त उचलतो, किंवा अंगठा फट्कन सोडतो आणि आत हवेचा बुडबुडा येतो. आपला हात बरोबर आहे कशावरून? तर तराजूवर छोटं भांडं ठेवा, १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका, दर वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. दहाही आकडे जवळजवळ असले पण सगळेच एका बाजूला चुकले तर बहुधा पिपेटचं कॅलिब्रेशन बघायला हवं, आणि आकडे इकडेतिकडे उड्या मारत असतील तर तुमच्या हाताला सराव हवाय. हा अर्ध्या तासाचा उद्योग पुढचे कित्येक महिने वाचवतो.

वहीचं थोडक्यात सांगते. तारीख, पेनने, बांधीव वहीत, आणि फसलेला प्रयोगसुद्धा लिहायचा. सुट्या कागदावर "नंतर उतरवते" म्हणून लिहिलेलं हरवतंच. कुठल्या बाटलीतलं केमिकल, कधी बनवलेला बफर, किती वाजता काढलं, हे त्या वेळी फालतू वाटतं आणि तीन आठवड्यांनी तेवढंच उपयोगी पडतं.

पायरी ५ : थिअरी प्रयोगातून वाचा

पुस्तकात लिहिलेलं असतं, "डीएनएची कॉपी सेमीकन्झर्व्हेटिव्ह पद्धतीने होते." एक ओळ, पाठ झाली, परीक्षेत लिहिली. आता विचारा, कशावरून? वॉटसन आणि क्रिकने १९५३ मध्ये डबल हेलिक्सची रचना मांडली तेव्हा कॉपी कशी होत असेल याचा अंदाज आला होता, पण शक्यता तीन होत्या. जुना रेणू अख्खाच राहतो आणि नवा वेगळा बनतो, किंवा प्रत्येक नव्या रेणूत एक जुनी आणि एक नवी साखळी जाते, किंवा जुन्या-नव्याचे तुकडे सगळीकडे मिसळतात. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये ई. कोलायला आधी जड नायट्रोजनवर वाढवलं, मग हलक्या नायट्रोजनच्या मीडियात टाकलं, आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवून घनतेप्रमाणे वेगळा केला. एका पिढीनंतर एकच पट्टा आला, बरोबर मधे. म्हणजे पहिली शक्यता गेली, कारण तसं असतं तर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले असते. पण दुसरी आणि तिसरी अजून शिल्लक. दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे आले, एक मधला आणि एक हलका, आणि तिसरीही गेली, कारण सगळं मिसळत असतं तर एकच पट्टा हळूहळू वर सरकला असता.

हे एकदा स्वतः कागदावर काढून बघितलं की परत पाठ करायची वेळ येत नाही. ग्रिफिथचा १९२८ चा न्यूमोकोकस बॅक्टेरियाचा प्रयोग (मेलेल्या बॅक्टेरियाचा गुण जिवंतात गेला तो), १९४४ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी त्यातला कारक पदार्थ डीएनए आहे हे दाखवलं ते, १९५२ चा हर्शी-चेसचा फाजचा, म्हणजे बॅक्टेरियात शिरणाऱ्या व्हायरसचा, प्रयोग, हे तिन्ही एका ओळीत ठेवून वाचा. प्रत्येक वेळी आधीच्या पुराव्यात काय फट राहिली होती आणि पुढच्याने ती कशी बुजवली ते शोधा. प्रत्येक धड्यात असा निदान एक प्रयोग असतो, शिक्षकांना विचारलात तर आनंदाने सांगतील.

पायरी ६ : स्टॅटिस्टिक्स, आणि त्यातली एक चूक

सगळं स्टॅटिस्टिक्स इथे सांगता येणार नाही पण एक चूक सांगते जी विद्यार्थी तर करतातच, छापलेल्या पेपरांतही सापडते. तीन उंदरांना औषध दिलं, तिघांना नाही दिलं, आणि प्रत्येक उंदराच्या शंभर पेशी मोजल्या. आता एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, किती? मुलं सांगतात, ३०० आणि ३००. पण औषध पेशींना वेगवेगळं दिलं नव्हतं, उंदराला दिलं होतं, एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्याच असणार, त्यामुळे एन ३ आणि ३. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्टने १९८४ मध्ये इकॉलॉजीच्या प्रयोगांबद्दल लिहिताना हा शब्द रूढ केला. तळ्याचं उदाहरण घ्या हवं तर, एका तळ्यातून वीस बाटल्या पाणी घेतलं तरी तळं एकच.

आलेखावरच्या उभ्या दांड्या कशाच्या आहेत तेही नेहमी बघा. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे किती पसरलेत) की स्टँडर्ड एरर (सरासरी किती अचूक आहे)? एन ९ असेल तर स्टँडर्ड एरर हा डेव्हिएशनच्या एक तृतीयांश असतो, दांडी लहान दिसते आणि निकाल नीटनेटका वाटतो, डेटा तोच असतो.

पायरी ७ : पेपर वाचणं आणि कॉम्प्युटर

पहिला रिसर्च पेपर वाचताना काहीच कळत नाही, सगळ्यांचं असंच होतं. आधी ॲबस्ट्रॅक्ट, मग थेट आकृत्या. प्रत्येक आकृतीला तीन प्रश्न : काय मोजलं, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला ओळखीचा नमुना) कुठे आहे, एन किती. मग मेथड्स. लेखकांचं डिस्कशन सगळ्यात शेवटी वाचा, आधी आपलं मत बनवा. एका पेपरला पहिल्यांदा आठवडा लागला तरी लागू द्या.

कॉम्प्युटर मात्र पहिल्याच वर्षी हातात घ्या. आर किंवा पायथन, दोन्हींपैकी कुठलंही एक, दोन्ही मोफत आहेत. जेनबँक (डीएनएचे सीक्वेन्स), युनिप्रोट (प्रोटीनचे सीक्वेन्स), प्रोटीन डेटा बँक (प्रोटीनच्या रचना) हे सगळे डेटाबेस कुणालाही उघडता येतात. सुरुवात म्हणून हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा माणसातला सीक्वेन्स घ्या, ब्लास्टमध्ये (सीक्वेन्स जुळवून बघणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाका आणि चिंपांझी, उंदीर, कोंबडी, मासा असं कुठे किती जुळतं ते बघत जा. उत्क्रांतीवर कितीही भाषणं ऐका, हे स्वतः करून बघण्याला तोड नाही.

पायरी ८ : लॅबमध्ये शिरा

दुसऱ्या वर्षापर्यंत कुठल्या तरी प्राध्यापकांना विचारा की तुमच्याकडे थोडं काम करू का. मेल छोटी लिहा, त्यांचं एखादं काम खरोखर वाचून त्यावर एक खरा प्रश्न विचारा, आठवड्याला किती तास देऊ शकता ते सांगा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग दुसरीकडे विचारा. सुरुवातीला काचेची भांडी धुणं, मीडिया बनवणं, १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह करणं (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणं) असलंच काम मिळेल आणि ते मनापासून करा, कारण जंतुविरहित कसं राहायचं हे तिथेच हाताला कळतं. कुणी काय करतंय ते बघत राहा आणि विचारत राहा. पीसीआरमध्ये डीएनएच्या ऐवजी नुसतं पाणी घातलेली एक ट्यूब का ठेवतात हे एकदा विचारा. नंतर जेलवर (डीएनएचे पट्टे दाखवणाऱ्या थरावर) त्या पाण्याच्या ट्यूबचाही पट्टा दिसला तर कुठेतरी बाहेरचा डीएनए शिरलाय, आणि मग बाकीच्या ट्यूबच्या सुंदर पट्ट्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. ती स्टॅफिलोकोकस आणि कोलायची स्लाइडच आहे ही, फक्त दुसऱ्या रूपात.

पायरी ९ : स्पेशलायझेशन, हे सावकाश वाचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण मुलं नाव बघून शाखा निवडतात. न्यूरोसायन्स म्हटलं की मन आणि चेतना डोळ्यांसमोर येते, मरीन बायोलॉजी म्हटलं की डॉल्फिन. माझं म्हणणं, त्या शाखेतला एक साधा मंगळवार कसा असतो ते विचारा. कुठलीही शाखा घ्या, मोठा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा भेटतो, बाकीचे दिवस रोजचं काम असतं, आणि ते रोजचं काम तुम्हाला आवडतं का हे महत्त्वाचं.

सेल बायोलॉजीत पेशी वाढवायच्या म्हणजे ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलायचा, सुट्टी असो नसो. पेशी वाट बघत नाहीत. स्ट्रक्चरल बायोलॉजीत प्रोटीन शुद्ध करण्यात महिने जातात, क्रिस्टल कधी येतात कधी येत नाहीत, आता क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉनने बघायच्या तंत्राने) बरंच सोपं केलंय, त्याला २०१७ चं नोबेल मिळालं, आणि प्रोटीनची रचना कॉम्प्युटरने सांगणाऱ्या अल्फाफोल्डच्या कामाला २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यामुळे या शाखेतलं काम झपाट्याने बदलतंय. डेव्हलपमेंटल बायोलॉजी आणि जेनेटिक्समध्ये फळमाशी, सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा जंत, झीब्राफिश यांच्याबरोबर दिवस जातो. त्या जंताच्या उभयलिंगी प्रौढात बरोबर ३०२ न्यूरॉन असतात, प्रत्येकाला नाव आहे, आणि तरीही तो जंत कसा "ठरवतो" हे पूर्ण कळलेलं नाही. मला न्यूरोसायन्सची गोडी यातूनच लागली.

इकॉलॉजी आणि उत्क्रांतीत धीर लागतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत राहिले. १९७७ च्या दुष्काळात लहान मऊ बिया संपल्या, मोठ्या कठीण बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त वाचले, आणि पुढच्या पिढीत चोची सरासरीने जाड झाल्या. नैसर्गिक निवड डोळ्यांदेखत मोजली गेली, पण कशामुळे, तर दुष्काळ येण्याआधीच प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडं घालून चोच मोजून ठेवलेली होती म्हणून. काही खास घडत नसताना रोज मोजत राहणं ज्याला जमतं त्याने या शाखेत जावं.

टॅक्सॉनॉमीकडे, म्हणजे सजीवांच्या वर्गीकरणाकडे, कुणी बघत नाही याची मला खंत आहे. कीटकाच्या पायावरचे केस मोजणारं काम म्हणून लोक नाक मुरडतात, पण कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून आर्किया हा सजीवांचा अख्खा वेगळा गट ओळखला, ते वर्गीकरणाचंच काम होतं. बायोइन्फर्मॅटिक्समध्ये वेळ जातो डेटा साफ करण्यात आणि प्रोग्राम का अडकला ते शोधण्यात, ज्याला कोडी सोडवायला आवडतात त्याला हे सुख आहे. इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात, एकमेकांत गुंतलेल्या पेशी आणि सिग्नल इतके की वर्षभर नुसती नावं लक्षात ठेवण्यात जातं, पण माणसाच्या आजारांशी इतका थेट संबंध फार कमी शाखांचा.

शाखा निवडली म्हणजे दुसऱ्या शाखांची दारं बंद असं समजू नका. थॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत काय जगतं याचा अभ्यास करत होते, त्यातून १९६९ मध्ये थर्मस ॲक्वॅटिकस हा बॅक्टेरिया जगासमोर आला. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये पीसीआर सुचलं, आणि पुढे त्यासाठी दर सायकलला उकळीच्या जवळ तापवलं तरी टिकणारा एन्झाइम लागला तो याच बॅक्टेरियातून मिळाला, टॅक पॉलिमरेज. झऱ्यातल्या शेवाळाच्या थराकडे बघणाऱ्या माणसाला हे माहीत असणं शक्यच नव्हतं.

निवडीसाठी मी सांगते ते करून बघा. ज्या तीन शाखा डोक्यात आहेत त्यातला प्रत्येकी एक ताजा पेपर काढा आणि फक्त मेथड्स वाचा, निकाल वाचू नका. वाचताना जिथे "हे मला स्वतःच्या हाताने करायचंय" असं वाटतं तिथे पेन्सिलने खूण करा. मग जास्त खुणा झाल्या त्या शाखेतल्या एखाद्या पीएचडी करणाऱ्या ताई-दादाला गाठा आणि त्यांच्याबरोबर एक पूर्ण दिवस बसा, शक्यतो प्रयोग फसलेला असेल असा दिवस निवडा, आणि त्या दिवशी ते काय करतात, वहीत काय लिहितात, उद्या काय बदलणार आहेत ते विचारा.